दाण्यात आईचे दोन वाटे, बापाचा एक

'संकरित मक्याचं घरचं बी पुढल्या वर्षी पेरलं तर काय बिघडतं?' शेंद्रा-करमाड भागात मी बियांवर पीएचडी करतेय असं कुणाला कळलं, की चहा यायच्या आत हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. बियाण्याची पिशवी दरवर्षी महाग होते, आणि आपल्याच शेतातला टपोरा दाणा डोळ्यासमोर ढिगानं पडलेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच. मग पिशवीतल्या दाण्यात असं काय असतं, जे ढिगातल्या दाण्यात नसतं?

याचं शाळेत शिकवलेलं उत्तर एका ओळीचं आहे: पुढच्या पिढीत गुण फुटतात, रोपं एकसारखी येत नाहीत, उत्पन्न घटतं. ते बरोबरही आहे. पण त्याच्या मागे एक मोठी गोष्ट आहे. दाणा तयार होताना आईकडून आलेली जनुकं आणि बापाकडून आलेली जनुकं यांना समान वागणूक मिळत नाही. काही जनुकं फक्त आईकडून आली तरच बोलतात, काही फक्त बापाकडून आली तरच. जनुक तेच, अक्षरं तीच, तरी एक प्रत जागी आणि दुसरी गप्प. हे कसं होतं, का होतं, आणि ते कळल्यामुळे 'घरचं बी' हा प्रश्न उद्या कसा बदलू शकतो, ते या लेखात सांगते. जीवशास्त्र दहावीनंतर सोडलं असेल तरी चालेल. मका आणि मोसंबी पाहिलेली असली की पुरे.

एका दाण्यात तिघं

आधी दाणा उघडून बघू. मक्याचा दाणा रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी उभा चिरा. टोकाकडे एक पांढुरका कोंब दिसेल, तो भ्रूण. उरलेला पिठाळ भाग म्हणजे भ्रूणपोष. आणि वरचं पातळ साल, जे लाह्या खाताना दातात अडकतं, ते आईच्या अंगाचंच.

म्हणजे एका दाण्यात तीन वेगळे 'जीव' शेजारी शेजारी राहतात. साल शंभर टक्के आईचं, बापाचा तिथे काही संबंध नाही. भ्रूणात आईचा एक संच, बापाचा एक संच, निम्मे-निम्मे. आणि भ्रूणपोषात? तिथे आईचे दोन संच आणि बापाचा एक.

हे तीनाचं गणित कुठून आलं? फुलोऱ्यात परागकण पडला की त्याची नळी बीजांडापर्यंत वाढत जाते आणि तिच्यातून एक नव्हे, दोन शुक्रपेशी आत येतात. एक अंडपेशीशी जुळते, त्यातून भ्रूण होतो. दुसरी शेजारच्या केंद्रीय पेशीशी जुळते. या केंद्रीय पेशीत आईची दोन केंद्रकं आधीच असतात. दोन अधिक एक, तीन. याला दुहेरी फलन म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी ते १८९८ मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं, आणि लगेच १८९९ मध्ये फ्रान्सच्या ग्विन्यार यांनी स्वतंत्रपणे.

भ्रूणपोष म्हणजे भ्रूणाची शिदोरी. गाईच्या पोटातल्या वासराला जशी वार, तसा भ्रूणाला भ्रूणपोष: आईकडून अन्न घ्यायचं आणि बाळाला द्यायचं. स्वतः मात्र पुढच्या पिढीत जायचं नाही. बी रुजलं की तो संपतो. आणि आपण माणसं जगतो ती बहुतांशी या शिदोरीवर डल्ला मारूनच. ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, भात, पोळी, सगळं भ्रूणपोष. शहाळ्याचं पाणी आणि खोबरंसुद्धा भ्रूणपोषच. डाळीचं मात्र तसं नाही. तूर, मूग, हरभरा यांचा भ्रूण आपली शिदोरी आधीच खाऊन स्वतःच्या दोन दलांत भरून ठेवतो. म्हणून वरण-भाकरी खाताना तुम्ही वरणात भ्रूण खाता आणि भाकरीत मुख्यतः भ्रूणपोष.

शेजारच्या मक्यानं स्वीट कॉर्न का बिघडतो?

बापाचा वाटा एकतृतीयांश आहे म्हणून तो दुबळा असतो असं समजू नका. स्वीट कॉर्न लावणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. शेजारच्या वावरात साधा मका असेल आणि दोन्ही एकाच वेळी फुलोऱ्यात आले, तर स्वीट कॉर्नच्या कणसात मधूनमधून पिठाळ दाणे भरतात. पुढल्या वर्षी नव्हे, त्याच हंगामात. गोडी टिकवणारी जनुकाची प्रत ही खरं तर बिघडलेली प्रत असते, साखरेचं पिठूळ करायचं काम ती नीट करत नाही. बाहेरून आलेल्या परागाबरोबर चांगली प्रत आली की ती एकटीच दाण्यातल्या साखरेचं पीठ करते. आईच्या दोन प्रती बघत बसतात.

पांढऱ्या मक्यावर पिवळ्या मक्याचा पराग पडला तर दाणा फिकट पिवळा होतो, तोही त्याच हंगामात. दोन पांढऱ्या प्रती, एक पिवळी, म्हणून रंग फिका.

आता याच्या उलट बाजू बघा. मोसंबीच्या बागेला लागून लिंबाची झाडं असली म्हणून मोसंबी आंबट होत नाही. कारण मोसंबीची फोड हे आईचं ऊतक आहे. परागाचा मामला फक्त बीच्या आत चालतो. मक्यात आपण बीच खातो म्हणून बाप लगेच दिसतो, मोसंबीत आपण बी थुंकतो म्हणून बाप कधी दिसतच नाही.

तर सर्वसाधारण नियम असा: भ्रूणपोषात आईच्या दोन आणि बापाची एक, तिन्ही प्रती आपापलं काम करतात. या नियमाला पहिला मोठा अपवाद सापडला तो मक्याच्याच दाण्यावर.

कर्मिकल यांचा ठिपकेदार दाणा

मक्याच्या काही जातींत दाणे गडद जांभळे असतात. हा रंग भ्रूणपोषाच्या सगळ्यात बाहेरच्या थरात भरतो आणि तो भरायला 'आर' नावाचं एक जनुक लागतं. अमेरिकेतल्या जेरी कर्मिकल यांनी १९७० मध्ये या जनुकाबद्दल एक शोधनिबंध छापला. निरीक्षण साधं होतं. रंगाची प्रत आईकडून आली तर दाणा सगळीकडून सारखा गडद. तीच प्रत बापाकडून आली तर दाणा ठिपकेदार, कुठे रंग, कुठे नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? आईकडून दोन प्रती येतात, बापाकडून एक. एका प्रतीला सगळा दाणा रंगवणं झेपलं नसेल, पांढऱ्या-पिवळ्या मक्यासारखं. अगदी बरोबर शंका. तीच शंका कर्मिकल यांनी तपासली. मक्याच्या गुणसूत्रांची एक विशेष मांडणी वापरून त्यांनी बापाकडूनच दोन प्रती आत पाठवल्या. आता प्रतींची संख्या आईइतकीच झाली. दाणा तरीही ठिपकेदार.

म्हणजे प्रश्न किती प्रती आल्या हा नव्हताच, कुठून आल्या हा होता. जनुकाच्या अक्षरांत काही फरक नाही, पण आईच्या वाटेनं येताना आणि बापाच्या वाटेनं येताना त्यावर काहीतरी वेगळी खूण बसत होती, आणि दाण्याला ती वाचता येत होती. या प्रकाराला आज इम्प्रिंटिंग म्हणतात. मी या लेखात त्याला 'ठसा' म्हणते. उंदरांत आणि माणसांतही हा प्रकार पुढे सापडला, पण एका विशिष्ट जनुकावर तो दाखवला गेला तो आधी मक्यात.

ठसा बसतो कसा?

डीएनए हे पुस्तक समजा. पुस्तकातली अक्षरं न बदलता पानावर दोन गोष्टी करता येतात: एखाद्या ओळीवर शाईचा ठिपका द्यायचा, किंवा पानंच चिकटवून टाकायची.

शाईचा ठिपका म्हणजे मिथाइल गट. डीएनएमधल्या 'सी' या अक्षरावर तो बसतो, आणि बऱ्याचदा जनुकाच्या सुरुवातीला असे ठिपके दाट झाले की ते जनुक गप्प होतं. पेशी दुभंगताना हे ठिपके नव्या प्रतीवर उतरवून ठेवणारी विकरंही असतात. पानं चिकटवणं म्हणजे हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा. डीएनए या हिस्टोनांभोवती गुंडाळलेला असतो. ठराविक जागी खूण केली की तो भाग घट्ट आवळला जातो आणि तिथलं जनुक वाचता येत नाही. हे काम करणाऱ्या प्रथिनांच्या एका टोळीचं नाव पीआरसी-२.

आता आई-बापात फरक कुठे पडतो? फलनाच्या आधीच. आईच्या केंद्रीय पेशीत 'डिमीटर' नावाचं विकर काम करतं. हे नाव ग्रीकांच्या धान्यदेवतेचं. हे विकर मिथाइलचा ठिपका असलेलं अक्षर उचकटून काढतं आणि पेशी त्या जागी कोरं अक्षर बसवते. २००२ मध्ये ते मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात सापडलं. शुक्रपेशीत असं पुसणं होत नाही, तिथे ठिपके तसेच राहतात. मग फलन झालं की एकाच केंद्रकात दोन प्रकारची पानं एकत्र येतात: आईची पुसलेली, बापाची ठिपक्यांची. ज्या जनुकांना ठिपके गप्प ठेवतात, ती आता फक्त आईच्या बाजूनं बोलू लागतात.

पण 'ठिपका पुसला की जनुक जागं झालं' असं सरसकट नाही. 'फेरस-१' हे जनुक याच्या नेमकं उलटं वागतं, ते बापाच्या बाजूनं चालतं. आईच्या प्रतीवरचे ठिपके पुसले गेले की पीआरसी-२ ला तिथे बसायला जागा मिळते आणि ती पानं चिकटवून टाकते. बापाच्या प्रतीवर ठिपके असल्यामुळे ही टोळी तिथे नीट बसू शकत नाही, म्हणून ते जनुक चालू. एकच पुसण्याचं काम, पण एका जनुकात त्यानं आई बोलते आणि दुसऱ्यात आई गप्प होते. म्हणून नुसती खूण बघून भागत नाही, शेजारी कोण बसलंय तेही बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट. जनावरांत असे ठसे दर पिढीत पुसून पुन्हा नव्यानं मारावे लागतात. भ्रूणपोषाला ती कटकट नाही, कारण तो पुढच्या पिढीत जातच नाही. बी रुजलं की ठशासकट संपला.

मीडिया: आईचाच शब्द चालतो असं जनुक

ठशाला इतकं महत्त्व का द्यायचं? रंगाचे ठिपके पडले काय, न पडले काय. पण १९९८ मध्ये उएली ग्रॉसनिक्लाउस आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिसमधल्या 'मीडिया' या जनुकाचं काम छापलं, आणि मामला जीवन-मरणाचा आहे हे दिसलं. हे नाव वर्तमानपत्रातल्या मीडियाचं नव्हे, ग्रीक कथेत स्वतःच्या मुलांना मारणाऱ्या स्त्रीचं आहे.

ज्या रोपात या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे, त्याला आई केलं तर शेंगेतले निम्मे दाणे अर्धवट वाढून मरतात. बाप कितीही सशक्त असो, त्याची चांगली प्रत वाचवू शकत नाही, कारण ती गप्प आहे. उलट तोच दोष फक्त बापाकडून आला तर शेंगेतले सगळे दाणे ठणठणीत. शाळेतल्या मेंडेलच्या तक्त्यात असं उत्तर कधीच येत नाही. तिथे आई-बाप अदलाबदल केली तरी आकडे तेच राहतात.

मीडियाचं प्रथिन पीआरसी-२ टोळीतलंच आहे. या टोळीचं एक काम म्हणजे फलन होईपर्यंत केंद्रीय पेशीला थोपवून धरणं. टोळीतली काही जनुकं बिघडली, की पराग न पडताच भ्रूणपोष वाढायला लागतो. म्हणजे बापाची वाट न बघता शिदोरी बांधायला घ्यायची. आईनं लावलेला हा ब्रेक आहे, आणि फलन झालं की तो सुटतो.

दोनास एक

आता भ्रूणपोषातल्या वाट्यांकडे परत येऊ. आईचे दोन, बापाचा एक. हे प्रमाण मोडलं तर?

१९८४ मध्ये लिन यांनी मक्यात हे तपासलं. मक्याचा एक उत्परिवर्तित प्रकार आहे, ज्याच्या केंद्रीय पेशीत केंद्रकांची संख्या कमी-जास्त होते. त्यामुळे आईचे वाटे एकापासून बऱ्याच संख्येपर्यंत बदलता आले. दाणा नीट भरला तो दोनास एक असतानाच. एकूण संख्या महत्त्वाची नव्हती. चारास दोन चालतं, कारण तेही दोनास एकच. पण दोनास दोन केलं की दाणा चिपाड, आणि चारास एक केलं तरी चिपाड.

ठशांमुळे याचा अर्थ लागतो. आईच्या बाजूनं बोलणारी जनुकं आणि बापाच्या बाजूनं बोलणारी जनुकं एकमेकांना तोलून धरतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये बापाचा वाटा वाढवला तर भ्रूणपोष बेसुमार वाढतो आणि वेळेवर आकाराला येत नाही. आईचा वाढवला तर तो लवकर आवरतं घेतो आणि बी लहान राहतं.

बियाणं कंपन्यांना हे अनुभवानं माहीत असतं. बिनबियांच्या कलिंगडाचं बी करायचं तर चार संचांची आई आणि दोन संचांचा बाप घ्यावा लागतो. जपानमध्ये हितोशी किहारा यांच्या गटानं ही पद्धत बसवली. उलट केलं, म्हणजे दोन संचांची आई आणि चार संचांचा बाप, तर हाती फोल बिया येतात. आई-बाप तेच, फक्त जागा बदलल्या. चारास एक हेही कलिंगडाला पूर्ण मानवत नाहीच. असं बी उगवायला नाजूक असतं, रोपवाटिकेत त्याला सांभाळावं लागतं. पण बापाचं पारडं जड होण्यापेक्षा आईचं झालेलं त्याला सोसतं.

हे भांडण कशापायी?

एक प्रत मुद्दाम गप्प ठेवायची हा तसा आतबट्ट्याचा व्यवहार. दोन प्रती असण्याचा फायदाच हा, की एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. मग निसर्गानं तो फायदा का सोडला?

डेव्हिड हेग आणि मार्क वेस्टोबी यांनी १९८९ मध्ये एक उत्तर सुचवलं. मक्याचं कणीस डोळ्यासमोर आणा. कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला, आणि प्रत्येक केसावर वाऱ्यानं वेगळ्याच झाडाचा पराग आलेला असू शकतो. म्हणजे एका कणसात आई एक, पण बाप अनेक. आईच्या दृष्टीनं सगळे दाणे तिचेच. तिनं सगळ्यांना सारखं वाढलं तर तिचं भलं. बापाचा मात्र शेजारच्या दाण्याशी काही संबंध नाही. त्याच्याकडून आलेल्या जनुकांना आपल्या दाण्यानं जास्त ओढून घेतलं तर फायदा. म्हणून बापाच्या बाजूची जनुकं 'आणखी वाढ' म्हणतात आणि आईच्या बाजूची 'पुरे आता'. यात कुणाचा हेतू नाही, लबाडी नाही. ज्या खुणांनी जास्त बिया टिकल्या, त्या खुणा टिकल्या, इतकंच.

हे उत्तर सुंदर आहे, पण सगळीकडे लागू पडत नाही. मक्यातलंच 'मेग-१' हे जनुक आईच्या बाजूनं चालतं आणि तरी दाण्याच्या बुडाशी अन्न ओढून घेणाऱ्या पेशी वाढवतं. सिद्धांतानुसार त्यानं ब्रेक लावायला हवा होता, ते तर एक्सलरेटर दाबतंय. म्हणून आज बरेचजण म्हणतात, की भांडण हे एक कारण असेल, पण आईच्या ऊतकाशी आणि भ्रूणाशी ताळमेळ राखणं हेही असेल.

हे मोजायचं कसं?

दोन जाती घ्यायच्या, 'अ' आणि 'ब'. त्यांच्या जनुकांत मधूनमधून एखाद्या अक्षराचा फरक असतो. आधी 'अ' आई आणि 'ब' बाप करून दाणे घ्यायचे, मग 'ब' आई आणि 'अ' बाप. कोवळ्या दाण्यातला भ्रूणपोष वेगळा काढायचा आणि त्यातला आरएनए वाचायचा. जे जनुक बोलतंय त्याचाच आरएनए असतो, आणि त्यातल्या अक्षरावरून तो 'अ'चा की 'ब'चा हे कळतं. सगळं सुरळीत असेल तर आईचे दोन भाग, बापाचा एक भाग दिसला पाहिजे. एखादं जनुक दोन्ही संकरांत फक्त आईचंच दिसलं तर तो ठसा. पण पहिल्या संकरात आईचं आणि दुसऱ्यात बापाचं दिसलं, म्हणजे दोन्ही वेळा 'अ'चंच, तर तो ठसा नव्हे. तिथे 'अ'ची प्रतच मुळात जोरकस आहे. उलटसुलट संकर करायचा तो यासाठी. २०११ च्या सुमारास अरॅबिडॉप्सिस, भात आणि मका या तिन्हींत या पद्धतीनं अशा जनुकांच्या याद्या झाल्या.

यात सगळ्यात मोठा धोका सालाचा. साल पूर्ण आईचं. कोवळ्या दाण्यातून भ्रूणपोष काढताना सालाच्या चार पेशी चिकटल्या, की आकड्यांत आईचा वाटा फुगतो. हे किरकोळ वाटेल, पण यावरून आमच्या क्षेत्रात मोठा वाद झाला. २००० मध्ये एका गटानं म्हटलं, की अरॅबिडॉप्सिसच्या भ्रूणात सुरुवातीला बापाची जनुकं जवळजवळ गप्पच असतात. २०१२ मध्ये नोडाइन आणि बार्टेल यांनी मोजलं, तर पहिल्या काही विभाजनांपासूनच दोघांचा वाटा सारखा. पुढे असं दिसलं, की छापलेल्या अनेक नोंदींत सालाचा आरएनए मिसळलेला होता. तेव्हापासून एखाद्या निबंधात 'आईच्या बाजूचं जनुक' असं वाचलं, की मी आधी साल वेगळं कसं केलं ते बघते.

मोसंबीच्या रोपवाटिकेत बाप नाहीच

आता घरच्या प्रश्नाकडे. शेंद्र्याहून जालना रस्त्याला लागा. करमाड, बदनापूर, जालना हा सगळा मोसंबीचा पट्टा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. इथल्या रोपवाटिकांत रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या रोपावर मोसंबीचा डोळा भरतात. हे खुंट बियांपासून करतात, आणि तरीही ते बरेचसे एकसारखे येतात. कसे?

कारण रंगपूर लिंबाच्या एका बीत अनेकदा दोन-तीन भ्रूण असतात, आणि त्यातले बहुतेक अंडपेशीपासून झालेलेच नसतात. बीजांडाच्या भिंतीतल्या, म्हणजे आईच्या अंगातल्या पेशीच भ्रूण होऊन वाढतात. त्यात बापाचं काही नाही. रोप म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. रोपवाटिकेवाले वेगळी दिसणारी, फार खुरटी किंवा फार जोमदार रोपं काढून टाकतात ना, त्यात बहुतेक आई-बाप दोघांची रोपं निघून जातात. २०१७ मध्ये लिंबूवर्गीय झाडांत या गुणाशी जोडलेलं एक जनुक सापडलं. त्याच्या सुरुवातीला डीएनएचा एक छोटा भटका तुकडा येऊन बसलाय, आणि ज्या झाडांत तो आहे त्यांत हे अनेक-भ्रूण प्रकरण दिसतं.

गंमत बघा, या नक्कल भ्रूणांनाही वाढायला बहुधा भ्रूणपोष लागतोच. म्हणजे रोपात बाप नाही, पण शिदोरीत आहे.

संकरित, पण न फुटणारं

आता मक्याकडे या. पिशवीतला दाणा हा दोन शुद्ध ओळींचा संकर. त्याचं प्रत्येक रोप सारखं आणि जोमदार. त्या रोपाला लागलेलं कणीस मात्र पुढची पिढी. अंडपेशी आणि पराग तयार होताना आजी-आजोबांची पानं पिसली जातात, प्रत्येक दाण्याला वेगळे पत्ते मिळतात. म्हणून ढिगातला दाणा कितीही टपोरा असला तरी त्यातली रोपं एकसारखी येणार नाहीत. टपोरेपणा शिदोरीचा आहे, पत्त्यांचा नाही. ठशाचाही यात दोष नाही, ठसे त्या दाण्यापुरतेच होते.

छत्रपती संभाजीनगरच्याच संशोधन केंद्रात तयार झालेला एएचबी १२०० हा लोहयुक्त बाजरीचा वाण घ्या. तोही संकरित, बियाणं दरवर्षी नवं. आपल्या देशात २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, ब्रँड न लावता विकायचा हक्क देतो. कायद्यानं दार उघडं ठेवलंय. संकरित बियाण्यात कुलूप लावतं ते जीवशास्त्र.

मग मोसंबीच्या खुंटाची युक्ती मक्याला, बाजरीला, भाताला शिकवता आली तर? यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, पत्ते पिसणं बंद करणं. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये इम्रान सिद्दीकी यांच्या गटानं २००८ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये दाखवलं, की एक जनुक बदललं तर आईचा सगळा संच न पिसता अंडपेशीत उतरू शकतो. पुढे फ्रेंच संशोधकांनी तीन जनुकं मिळून हे काम आणखी पक्कं केलं.

दुसरी गोष्ट, बापाशिवाय अंडपेशीला भ्रूण व्हायला लावणं. आणि इथे आई-बापाच्या जनुकांचा अभ्यास थेट कामाला आला. भातात 'बीबीएम-१' नावाचं जनुक फलनानंतर लगेच चालू होतं, आणि सुरुवातीला चालते ती बापाची प्रत. म्हणजे 'आता भ्रूण हो' हा निरोप बाप घेऊन येतो. कॅलिफोर्नियात इम्तियाज खांडे आणि वेंकटेशन सुंदरेसन यांच्या गटानं तोच निरोप अंडपेशीत आधीच लिहून ठेवला. अंडपेशी बापाची वाट न बघता भ्रूण झाली. हे आणि न पिसलेले पत्ते एकत्र करून त्यांनी २०१९ मध्ये भाताच्या बीतूनच आईची हुबेहूब नक्कल मिळवली. तेव्हा फार तर तीसेक टक्के बिया अशा निघत होत्या. २०२२ मध्ये संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. बाजरीतही २०१५ मध्ये तिच्या एका रानटी नातलगाचं तसंच जनुक घालून बापाविना भ्रूण मिळाले होते.

आणि शिदोरीचं काय? भ्रूणाला बाप नको, पण भ्रूणपोषाला दोनास एक हवंच. भाताच्या या रोपांत परागातही न पिसलेले, दुप्पट संच येतात. केंद्रीय पेशीत आईचे चार, परागातून बापाचे दोन. चारास दोन, म्हणजे पुन्हा दोनास एक, आणि दाणा भरतो. हा हिशोब चुकला असता तर बाकी सगळी करामत फोल बियांत गेली असती.

लगेच कृषी सेवा केंद्रात असं बियाणं मागायला जाऊ नका. अंडपेशीत बीबीएम-१ चालवायला बाहेरून जोडलेला डीएनए लागतो, म्हणजे जीएम पिकांचे सगळे नियम लागू. शिवाय सगळी शेतं एकाच हुबेहूब नकलेनं भरली आणि एखादा रोग आला, तर सगळी एकदमच पडतील. आणि बियाणं धंद्याचाही प्रश्न आहे. जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून या भागात संकरित बियाण्यावर कितीतरी घरं चालतात. शेडनेटमध्ये क्रॉसिंग करणाऱ्या, एकेका फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढणाऱ्या बायकांची मजुरीही त्यावरच आहे. बी एकदा घेऊन कायम पेरता आलं, तर नवे वाण काढायचा खर्च कोण करणार, ही मजुरी कुठे जाणार, आणि ते बी सार्वजनिक विद्यापीठाच्या हातात येणार की एखाद्या पेटंटच्या? हे ठरवायचं काम प्रयोगशाळेचं नाही. ते आपल्या सगळ्यांचं आहे, आणि बियाणं बाजारात यायच्या आधी त्यावर बोललं गेलं पाहिजे.

तोवर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच: संकरित मक्याचं घरचं बी पेरू नका. बी राखायचंच असेल तर मक्याचा सुधारित, म्हणजे संकरित नसलेला वाण घ्या, आणि शेजारच्या मक्यापासून लांब किंवा वेगळ्या वेळी फुलोऱ्यात येईल असा लावा. शेजारचा बाप किती लवकर घरात शिरतो ते स्वीट कॉर्ननं दाखवलंच आहे.

आणि मोसंबी खाल्लीत तर बिया टाकू नका. दहा-बारा बिया भिजवा, साल सोला, आतले हिरवट-पांढरे भ्रूण मोजा. एका बीत किती निघाले ते खाली लिहा. पुढच्या लेखात बोलू उन्हाळ्याबद्दल: दाणा भरायच्या सुरुवातीला पारा चढला तर भाताच्या भ्रूणपोषातल्या याच ठशांची घडी कशी विस्कटते, आणि मराठवाड्यात बसून तो प्रश्न मला का सतावतो.